इक्वलायझर कोणता घ्यावा?

कामगार चळवळीतला मनुष्य नादशास्त्रावर बोलायला उभा राहिला की लोकांना अंमळ नवल वाटते. पण चालत्या यंत्राचे कोणते बेअरिंग गेले हे खात्यातला जुना कामगार कानानेच सांगतो, तेव्हा हा विषय आम्हांला अगदीच परका नाही. हल्ली कलापथकातली मुले आपली गाणी घरच्या घरी ध्वनिमुद्रित करतात. एक संगणक, एक मायक्रोफोन आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्यावर त्यांचा स्टुडिओ उभा राहतो. मग एखादा विचारतो, "काका, हा इक्वलायझर घेऊ का?" त्याने सांगितलेली किंमत बहुधा त्याच्या आठवड्याच्या पगाराला भिडते. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार केला पाहिजे.

प्रथम नावाचा अर्थ पाहू. टेलिफोनच्या लांब तारांतून बोलणे जाताना त्यातले बारीक, वरचे आवाज अधिक क्षीण होत. ती तूट भरून सर्व आवाज सारखे करणारी योजना तो इक्वलायझर. पुढे ध्वनिमुद्रणात त्याचा उपयोग होऊ लागला. १९५१ साली अमेरिकेत पल्टेकचे प्रसिद्ध यंत्र निघाले. १९७२ साली जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी 'पॅरामेट्रिक' पद्धत निबंधरूपाने मांडली. आवाज कोठे बदलायचा, किती बदलायचा आणि केवढ्या रुंदीत, या तिन्ही गोष्टी या पद्धतीत वेगवेगळ्या फिरवता येतात. आज हेच काम संगणकातला एक छोटा प्रोग्रॅम करतो. त्याला प्लगइन म्हणतात.

आता मुद्द्याचे बोलू. स्वच्छ, म्हणजे स्वतःचा रंग न मिसळणाऱ्या बहुतेक इक्वलायझरांच्या पोटातले गणित एकाच घराण्याचे आहे. रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांनी तर त्याची सूत्रे सर्वांसाठी खुली करून ठेवली आहेत. तेव्हा फुकटचा आणि महागडा यांत आवाजाचा फरक किती? यासाठी जाहिरातीवर विसंबण्याचे कारण नाही. परीक्षा घरी करता येते. एकाच गाण्याच्या दोन प्रती घ्या. एकीवर एक इक्वलायझर लावा, दुसरीवर दुसरा, आणि दोघांची वळणे तंतोतंत जुळवा. मग एका प्रतीचा तरंग उलटा करून दोन्ही एकदम वाजवा. जे समान आहे ते एकमेकांना खाऊन टाकते. जे उरते तेवढाच खरा फरक. पुष्कळदा जवळजवळ शांतता उरते. मात्र नुसते आकडे सारखे ठेवून भागत नाही, कारण रुंदीचे माप प्रत्येक कारखानदार आपल्या पद्धतीने धरतो. काही इक्वलायझरांची वळणे अगदी वरच्या टोकाला, १५-२० हजार हर्ट्झच्या आसपास, आखडतात. तेथे थोडा फरक उरू शकतो.

दुसरी फसगत आवाजाच्या मोठेपणाची. काहीही चढवले की गाणे मोठे होते, आणि मोठे ते कानाला चांगले वाटते. म्हणून आधी आणि नंतरचा आवाज एका पातळीवर आणल्यावाचून निकाल देऊ नये.

मग पैसे कशाचे द्यायचे? हाताला काम सोपे व्हावे याचे. आलेख स्पष्ट दिसावा, पट्ट्या पुरेशा असाव्यात, अगदी अरुंद खाच पाडता यावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जोडणी सदोष असली की जी घरघर येते ती ५०, १००, १५० अशा ठिकाणी बसते. ती काढायला अरुंद खाच लागते. रीपर या प्रोग्रॅमबरोबर येणारा रीईक्यू हे काम करतो. टोकियो डॉन लॅब्जचा नोव्हा मोफत मिळतो, आणि गायकाचा आवाज टोचू लागेल तेवढ्याच क्षणी तो पट्टी दाबतो. फॅबफिल्टरचा प्रो-क्यू पैसे टाकून घेणारे घेतात, ते मुख्यतः त्याच्या सोयीसाठी. पल्टेकच्या संगणकी नकला हा वेगळा प्रकार आहे. मूळ यंत्रात खालची पट्टी एकाच वेळी चढवता आणि उतरवताही येते, त्यातून एक खास वळण निघते. ते हवे असेल तर जरूर घ्यावे, पण पहिले अवजार म्हणून नव्हे.

'लिनिअर फेज' या शब्दालाही भुलू नये. त्या पद्धतीत आवाज उशिरा निघतो, आणि ढोलकीसारख्या वाद्याची थाप पडण्याआधीच तिची पुसट चाहूल लागू शकते. एका वाद्याच्या नेहमीच्या कामाला साधी पद्धत बरी.

परवान्याच्या अटी मात्र वाचाव्यात. २०२३ च्या मार्चमध्ये वेव्हज या कंपनीने कायमचे परवाने विकणे बंद करून केवळ वर्गणी ठेवली. गिऱ्हाइकांनी जगभर ओरड केली, आणि थोड्याच दिवसांत कंपनीने कायमचे परवाने पुन्हा सुरू केले. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी हे घडवले! आम्हां युनियनवाल्यांना ही बातमी गोड लागली, हे सांगायला नको.

आणि जे इक्वलायझरने होत नाही त्याचे काय? समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असले की सुमारे ५६ हर्ट्झचा आवाज त्यांच्यामध्ये घुमतो. खोलीत काही जागी तो फुगतो, काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. फुगलेल्या जागी बसलेला मुलगा गाण्यातला खर्ज कापत जातो; तेच गाणे दुसऱ्याच्या घरी लागले की पोकळ वाटते. कितीही महाग प्लगइन आणले तरी ही अडचण उरते, कारण दोष गाण्यात नसून खोलीत आहे. बसायची जागा बदलून पाहावी, कोपऱ्यांत जाड गाद्या उभ्या कराव्यात (खर्जाला त्यांचा उपयोग बेताचाच, पण बाकीचा घुमारा कमी होतो), आणि तेच मिश्रण हेडफोनवर व शेजाऱ्याच्या स्पीकरवर ऐकावे. एवढे करून महिनाभर फुकटच्या इक्वलायझरवर चार गाणी पुरी करावीत. त्यात जे काम अडले असेल ते कागदावर लिहावे, आणि दुकानात जायचेच तर तो कागद घेऊन जावे.