सात मीटरच्या पुढे

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातलं होनवडज हे पॅरा गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव यांचं गाव. लातूरची हद्द इथून लांब नाही. २००६ मध्ये पायांतलं बळ गेलं आणि चाकाची खुर्ची आली. गोळा हातात आला तो २०१७ मध्ये, पुण्यात. मधली वर्षं कुठल्याच निकालपत्रात नाहीत. या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड टप्पा मला तोच वाटतो.

पुढचा वेग मात्र थक्क करणारा आहे. चार वर्षांत त्या टोकियो पॅरालिम्पिकला पोहोचल्या. ७.०० मीटर, सातवा क्रमांक.

त्यांच्या, म्हणजे एफ-३४ या पॅरा गटातले खेळाडू बसून गोळा फेकतात. लोखंडी बैठक पट्ट्यांनी जमिनीशी घट्ट आवळलेली असते आणि खेळाडूलाही तिच्यावर बांधून घेतात. फेकताना अंग बैठकीवरून उचललं गेलं की फाउल. मागून घसरत येणं नाही, गिरकी नाही. तीन किलोचा गोळा कंबरेपासून वरच्या बळावरच जायचा. एकेका खेळाडूच्या फेकी लागोपाठ होतात, त्यामुळे चुकलेल्या फेकीनंतर सावरायला उसंत फार थोडी. शाळेच्या मैदानावर उभ्यानं गोळा टाकलेल्यांनी एकदा खुर्चीत बसून तो टाकून पाहावा. सात मीटर म्हणजे काय, ते हाताला कळेल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ७.५४ मीटर आणि रौप्य. मे २०२४ मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत ७.५६, पुन्हा रौप्य. टोकियोपासून अर्ध्या मीटरहून जास्त वाढ झाली, आणि त्यातला प्रत्येक सेंटिमीटर खांद्यानं कमावलेला.

त्याच वर्षी २८ ऑगस्टला पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात भालाफेकपटू सुमित अंतिलबरोबर भारताचा तिरंगा त्यांच्या हाती होता. होनवडजच्या लेकीकडे देशाचा ध्वज! स्पर्धेत त्या ७.२८ मीटरवर थांबल्या, पाचव्या आल्या. चीनच्या झोऊ लिजुआननं ९.१४ मीटरवर सुवर्ण नेलं. पदकांचा हिशेब मांडणाऱ्यांना हा पाचवा क्रमांक दिसत नाही, पण सातव्यावरून पाचव्यावर येणं हीसुद्धा मोठी कमाई आहे.

नांदेड आणि लातूरच्या क्रीडासंकुलांत बसून फेकणाऱ्यांसाठी कायमची जागा, बैठक आणि जमिनीत रोवलेल्या कड्या असायलाच हव्यात. मोठ्या मैदानाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि मुखेडच्या पुढच्या मुलीला गोळा शाळेच्या वयातच मिळाला पाहिजे.