आत कुठे, बाहेर कुठे?

आकाशकंदील घरी करणाऱ्यांनी हा अनुभव घेतलेला असेल. कामट्या बांधून नुसता सांगाडा तयार झाला की तो हातात धरून पाहताना क्षणभर कळत नाही, पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती. डोळा एकदा असं धरतो, एकदा तसं. कागद चिकटवला की प्रश्न मिटतो. १९६०च्या दशकात संगणकाच्या पडद्यावर त्रिमितीय वस्तू पहिल्यांदा फिरू लागल्या, तेव्हा त्या सगळ्या कागद न लावलेले कंदील होत्या. कागद कसा लावायचा ते शोधून काढायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. आणि कागदाला कागद जिथे मिळतो तो सांधा आजही वाटतो तितका पक्का नाही. या लेखाचा विषय तो सांधा आहे.

त्याच्याकडे मी पुस्तकांतून आलो नाही. आय.टी.आय.मधून ड्राफ्ट्समन होऊन मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये लागलो, ड्रॉइंग बोर्डावरून संगणकावर गेलो आणि पुढे मशीनचे प्रोग्राम करू लागलो. वीसेक वर्षांपूर्वी ग्राहकाकडून एका साच्याची फाइल आली. मी ती आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, फिरवून पाहिली. सगळं बंद, गुळगुळीत दिसलं. प्रोग्राम काढून रात्रपाळीला दिला. सकाळी येऊन पाहतो तर पोलादाच्या ठोकळ्यात, जिथे हलकी गोलाई हवी तिथे, कटरने चार मिलिमीटर खोल चर पाडलेली. ठोकळा भंगारात गेला. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, प्रोग्राम तुमचा होता. मी फक्त बटण दाबलं." नुकसानीच्या कागदावर कारणाचा रकाना मीच भरला: ऑपरेटरची चूक. तीन महिने त्याच्या पगारातून पैसे कापले गेले. मी गप्प राहिलो. खरं सांगायचं तर तेव्हा मला कारण माहीतच नव्हतं. पण ते त्याच्याकडे नाही, एवढं माहीत होतं.

कारण शोधायचं तर मुळापासून सुरुवात करावी लागते. १९६३मध्ये एम.आय.टी.त आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' केलं, आणि त्याच वर्षी तिथल्याच टिमोथी जॉन्सनने ते त्रिमितीत नेलं. संगणकाच्या लेखी वस्तू म्हणजे रेषांची यादी: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत एक रेषा, मग दुसरी, मग तिसरी. कागदावरचं ड्रॉइंगही रेषांचंच असतं, पण ते वाचणारा फिटर माणूस असतो. छेदाच्या तिरक्या रेघा पाहून तो समजतो की इथे धातू आहे. यंत्राला असं काही समजत नाही.

एक आकृती मनात आणा. मोठ्या घनाच्या पोटात छोटा घन, आणि दोघांचे आठ-आठ कोपरे आठ रेषांनी जोडलेले. बारा, बारा आणि आठ मिळून ३२ रेषा. हा ठोकळा असा असू शकतो की त्याला वरून खाली आरपार चौकोनी भोक आहे, दोन्ही तोंडांशी पसरट आणि मध्ये अरुंद. पण तेच भोक डावीकडून उजवीकडेही असू शकतं, किंवा पुढून मागे. रेषा त्याच ३२, वस्तू मात्र तीन. यातली कोणती कापायची हे यंत्राने कुणाला विचारायचं?

या प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली, जवळजवळ एकाच वेळी. केंब्रिजमध्ये चार्ल्स लँगच्या गटात इयन ब्रेड हा तरुण काम करत होता. १९७३चा त्याचा प्रबंधच 'आकारमानांनी रचना' या अर्थाच्या नावाचा आहे. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठात ओकिनो आणि त्याचे सहकारी 'टिप्स-१' नावाची प्रणाली लिहीत होते. त्याच वर्षी बुडापेस्टला भरलेल्या एका परिषदेत दोन्ही गटांचं काम मांडलं गेलं. दोघांचं म्हणणं एकच होतं: रेषा सोडा, भरीव ठोकळ्यांपासून सुरुवात करा. ठोकळ्यात ठोकळा मिळवा, ठोकळ्यातून दंडगोल वजा करा, झालं भोक.

फरक होता तो काय साठवायचं यात. होक्काइडोवाल्यांनी, आणि अमेरिकेत रॉचेस्टरला व्होएल्कर आणि रेकिशा यांनी, पाककृती साठवली: हा ठोकळा घ्या, त्यातून तो वजा करा. ब्रेडने पदार्थ साठवला: वजाबाकी करून उरलेल्या वस्तूची सगळी पृष्ठं, कडा आणि कोपरे. पाककृतीचा गुण असा की ती कधी खोटी ठरत नाही. पण एखाद्या कडेला गोलाई द्यायची म्हटलं, तर पाककृतीत कड कुठे असते? ती शिजवल्यावरच सापडते. कारखान्यांत पुढे मुख्यतः पदार्थवाल्यांचं चाललं ते यामुळे, असं माझं मत आहे. डिझायनर बोट ठेवतो ते कडेवर.

मात्र पदार्थ साठवायचा तर तो कुठे फुटलेला नाही याची खात्री हवी. करंजीची कड नीट दाबली नाही तर तेलात काय होतं ते या दिवसांत वेगळं सांगायला नको. ही कड दाबण्याची सर्वांत सुंदर रीत स्टॅनफर्डला ब्रूस बाउमगार्टने काढली. त्याला कारखान्यांशी देणंघेणं नव्हतं. यंत्राला वस्तू दिसावी, ओळखता यावी या खटपटीत तो होता. १९७२मध्ये त्याने मांडलेली रचना अशी: वस्तूचं सगळं ज्ञान कडेपाशी ठेवायचं. प्रत्येक कडेला आपली दोन टोकं ठाऊक, आपल्या दोन्ही बाजूंची दोन पृष्ठं ठाऊक, आणि त्या पृष्ठांवरून जाताना आपल्या आधीची व नंतरची कड कोणती हेही ठाऊक. कडेला पंख फुटल्यासारखं चित्र होतं, म्हणून तिला पंखांची कड म्हणतात.

यातून दोन साधे नियम मिळतात. बंद वस्तूत प्रत्येक कडेला बरोबर दोन पृष्ठं असली पाहिजेत. एक असेल तर तिथे भोक आहे. आणि बाहेरून पाहताना प्रत्येक पृष्ठाच्या कडा घड्याळाच्या उलट दिशेने चालत गेलं, तर प्रत्येक कड दोनदा चालली जाते, एकदा या दिशेने आणि एकदा विरुद्ध. हे सगळीकडे जमलं तर आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे संगणकाला पृष्ठागणिक सांगता येतं. वर ऑयलरचं अठराव्या शतकातलं सूत्र पहाऱ्याला आहेच: कोपरे वजा कडा अधिक पृष्ठं. घनाचे ८ वजा १२ अधिक ६, उत्तर २. आरपार भोक आलं की हिशेबात त्याचीही नोंद धरावी लागते, पण ताळेबंद जुळलाच पाहिजे. बाउमगार्टने वस्तूत बदल करण्याच्या क्रियाच अशा बेतल्या की कोपरा वाढवला तर कड वाढेल, आणि ताळेबंद कधी बिघडणारच नाही.

रॉचेस्टरच्या मंडळींनी आणखी एक गोष्ट हेरली. शेजारी शेजारी चिकटून ठेवलेल्या दोन विटांचा सामाईक भाग कोणता? शाळेतलं संचगणित म्हणतं, त्या जिथे टेकतात तो चौकोन. पण त्या चौकोनाला जाडी नाही. अशी वस्तू कारखान्यात बनत नाही. म्हणून त्यांनी बेरीज-वजाबाकीची व्याख्याच बदलली: उत्तरातली जाडी नसलेली लोंबती पापुद्री झटकून टाकायची. दोन विटांचा सामाईक भाग मग काहीच नाही. रेकिशाचा १९८०चा विस्तृत लेख आजही याविषयीचा पाया समजला जातो.

इथवर सगळं तर्कशास्त्र आहे आणि ते बिनचूक आहे. अडचण सुरू होते ती वक्र पृष्ठांपाशी.

मोटारीचं बॉनेट सपाट नसतं. अशा पृष्ठांचं गणित फ्रान्समध्ये झालं: सित्रोएनमध्ये द कास्तेल्जोने १९५९मध्ये लिहून ठेवलं ते कंपनीने कुलपात ठेवलं, रेनोच्या बेझिएने प्रसिद्ध केलं, आणि नाव बेझिएचं झालं. (हा अन्याय स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) आता अशी दोन वक्र पृष्ठं एकमेकांना छेदतात तिथली कड कोणती? नेहमीच्या वापरातल्या द्विघन पृष्ठाचं समीकरण १८व्या घातापर्यंत जातं, आणि अशा दोन पृष्ठांच्या छेदाची वक्ररेषा ३२४व्या घातापर्यंत. ती कुणी तंतोतंत लिहीत नाही. संगणक तिच्यावरचे काही बिंदू काढतो आणि त्यांतून सोपी वक्ररेषा नेतो. म्हणजे जी कड दोन पृष्ठांना जोडते ती काटेकोर बोलायचं तर पहिल्या पृष्ठावरही नसते आणि दुसऱ्यावरही नसते. दोघांच्या मध्ये, अगदी जवळ असते.

'अगदी जवळ' म्हणजे किती, हे ठरवावं लागतं. 'पॅरासॉलिड' हा अनेक सॉफ्टवेअरांच्या पोटात बसवलेला गाभा केंब्रिजच्याच मंडळींनी काढलेल्या 'शेप डेटा' कंपनीतून निघाला. त्यात हे अंतर साधारणपणे मिलिमीटरचा एक लाखावा भाग असतं. त्याहून जवळचे दोन बिंदू एकच मानायचे. केसाच्या जाडीपुढेही हे अंतर नगण्य. पण त्याने तर्कशास्त्राचा एक खांब काढून घेतला. पहिला बिंदू दुसऱ्याइतका जवळ आहे म्हणून ते एक. दुसरा तिसऱ्याजवळ आहे म्हणून ते एक. पण पहिला आणि तिसरा या अंतराहून दूर, म्हणून ते दोन. शाळेत शिकलेला 'अ बरोबर ब, ब बरोबर क, म्हणून अ बरोबर क' हा नियम इथे चालत नाही. ताळेबंद म्हणतो वस्तू बंद आहे; आकडे म्हणतात, जवळजवळ.

एका सॉफ्टवेअरच्या आत हे निभावून जातं. दुसऱ्याला फाइल दिली की निभावत नाही, कारण त्याचं 'जवळ' वेगळं असतं. त्यात त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आय.जी.ई.एस. फायलींत पृष्ठं बहुधा सुटी सुटी जायची. कोण कुणाचा शेजारी, हे बाउमगार्टचं सगळं ज्ञान वाटेतच गळायचं आणि घेणाऱ्याने ती पुन्हा शिवून घ्यायची. अमेरिकेतल्या मोटार उद्योगात अशा देवाणघेवाणीच्या अडचणींपायी वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर जातात, असा अंदाज तिथल्या मानक संस्थेसाठी केलेल्या अभ्यासात १९९९मध्ये निघाला होता. भोसरीतली माझी चर त्यात धरलेली नाही.

ग्राहकाची ती फाइल आणि आमच्या प्रोग्रामने वाचून पुन्हा लिहिलेली फाइल, दोन्ही मी एका सीडीवर ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी 'फ्रीकॅड' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडल्या. ग्राहकाच्या फाइलीत गोलाईची अरुंद पट्टी आहे. फक्त तिच्या एका कोपऱ्यात दोन कडांची टोकं ०.०२ मिलिमीटरने एकमेकांना चुकली आहेत. पाठवणाऱ्याला ते अंतर चाललं. आमच्या प्रोग्रामला चाललं नाही. त्याने पट्टीची सीमा बंद नाही असं ठरवून ती पट्टीच गाळली आणि तसं सांगितलंही नाही. पडद्यावर मागचा रंग तोच असल्याने फट दिसली नाही. कटर लहान होता, तो फटीत उतरला. दुसऱ्या फाइलीतल्या सगळ्या कडा मी तपासायला लावल्या. हजारावर कडांना दोन-दोन पृष्ठं होती. चार कडांना एकच.

ऑपरेटरचा नंबर मिळवला. तो आता गावी स्वतःचं लेथ चालवतो. चार कडांची गोष्ट त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली. मशीनचा आवाज बंद करून म्हणाला, "साहेब, पृष्ठाचं मला काही कळलं नाही. पण माझी चूक नव्हती हे तुम्हाला त्याच दिवशी ठाऊक होतं ना?"

मी हो म्हणालो.