सात किलोची उशी

रुईनं भरलेली एक साधी उशी घ्या. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ४०, जाडी १५. काट्यावर ठेवली तर जेमतेम दीड किलो भरेल. हीच उशी पांढरकवड्याहून कुरिअरनं पुण्याला पाठवायची म्हटलं, की तिचं वजन ७.२ किलो होतं. काट्यात खोट नाही. हलक्या मालानं गाडीतली जागा आधी संपते, वजनाची मर्यादा नंतर येते. म्हणून कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करतात, त्याला बहुधा ५००० नं भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असला तर त्याचेच पैसे लावतात. इथे गुणाकार ३६,०००. भागून पाहा.

पांढरकवडा ज्यात येतं त्या केळापूर तालुक्याला हे कोडं खरं तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोकळी रुई गाडीत मावत नाही, म्हणून तर जिनिंगला जोडून प्रेसिंग आलं आणि रुई दाबून १७० किलोची गाठ बांधायची रीत पडली. मग उशीही दाबून पाठवावी? पाठवा. पण दाबलेली रुई पुन्हा नीट फुलायला पिंजावी लागते, आणि पुण्याच्या सातव्या मजल्यावर पिंजारी कुठून येणार?

आता समजा, पांढरकवड्यातल्या एका जोडप्यानं उशा, गाद्या, गोधड्या ऑनलाइन विकायला काढल्या. ऑर्डरी बऱ्या येतात, हातात काही उरत नाही. मोठ्या कंपनीत वीस वर्षं गोदामं आणि वाहतूक सांभाळलेली एक बाई व्हिडिओ कॉलवर त्यांचा हिशेब बघते आणि म्हणते, “उशी बंद करा. गोधडी ठेवा.” गोधडीची घडी ४० बाय ३० बाय १२ ची झाली तर आकडा येतो २.८८ किलो, आणि खरं वजनही त्याच्या आसपास. हवेचं भाडं भरणं थांबलं.

मला थक्क करतं ते हे. हा निर्णय सांगायला पाच मिनिटं पुरली, पण सुचायला वीस वर्षं मुरावं लागलं. त्या बाईंना वर्षाच्या पगारावर ठेवायचं तर धंदाच विकावा लागेल. आणि ठेवून तरी काय? उरलेल्या दिवसांत त्या लेबलं चिकटवत बसणार का? धंदा लहान असला की त्यात मोठे निर्णय महिन्याकाठी दोन-चारच येतात. बाकी सगळं रोजचं काम.

या हिशेबातूनच अर्धवेळ वरिष्ठ नेमण्याची पद्धत रुजली. बाजारात त्यांना फ्रॅक्शनल सीएफओ (वित्तप्रमुख), फ्रॅक्शनल सीएमओ (मार्केटिंगप्रमुख), फ्रॅक्शनल सीओओ (कामकाजप्रमुख) म्हणतात. एकच माणूस तीन-चार धंद्यांचा वित्तप्रमुख, प्रत्येकाला महिन्यातले ठरावीक दिवस. सल्लागार अहवाल देऊन मोकळा होतो. हा पदावर बसतो. कुरिअर कंपनीशी दर तोच ठरवतो, माणूस घ्यायचा की नाही तोच सांगतो, आणि आकडा चुकला की उत्तरही त्यालाच द्यावं लागतं. त्याचा पगार नसतो, बिल येतं. तुमची कंपनी असेल तर त्यावर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापायचा. त्याची जीएसटी नोंदणी असेल तर वर १८ टक्के कर.

हे सगळं नवं वाटतं, पण विदर्भाच्या कापसाला यातलं काहीच नवं नाही. १८७४ साली जमशेटजी टाटांनी नागपूरच्या गिरणीसाठी मुंबईत कंपनी उभारली. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. कापसाच्या जवळ गिरणी हवी, हा त्यांचा हट्ट. धोरण मुंबईचं, पण गिरणीत रोज हजर असायचे बेझनजी मेहता. हे गृहस्थ आले होते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून; कापडधंद्याची माहिती शून्य. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी बघायचे.

त्या काळात ‘मॅनेजिंग एजन्सी’ नावाची पद्धतच होती. एकच पेढी अनेक कंपन्यांचा कारभार हाकायची. म्हणजे एक प्रकारे घाऊक अर्धवेळ नेतृत्वच. तिची कीड कुठे लागली, ते बघण्यासारखं आहे. मुंबईच्या कित्येक गिरण्यांत एजंटचं कमिशन तयार होणाऱ्या सुताच्या पौंडावर ठरायचं. गिरणी तोट्यात गेली तरी सूत निघत राहिलं, की एजंटचा खिसा भरायचा! अशा तक्रारी वर्षानुवर्षं साचल्या आणि १९७० मध्ये कायद्यानं ही पद्धतच मोडीत निघाली. आज एखादा अर्धवेळ मार्केटिंगप्रमुख जाहिरातीच्या खर्चावर टक्केवारी मागतो, तेव्हा मला तो पौंडावरचा दलाल आठवतो. जाहिरात जितकी जास्त, तितकी त्याची कमाई. तुमचं काय झालं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

अर्धवेळ नेतृत्वाचं आणखी एक उदाहरण मुंबईचंच. नानी पालखीवाला टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे पहिले अध्यक्ष. त्याच काळात ते वकिलीही करत होते, आणि वकिली तरी कसली? १९७२-७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींपुढे राज्यघटनेच्या गाभ्याबद्दलचा युक्तिवाद! अध्यक्षपद आणि रोजचा कारभार यांत फरक आहे, हे खरंच. कंपनी घडवली ती फकीरचंद कोहलींनी. पण मुद्दा तोच. वरचा माणूस अर्धवेळ चालतो, कारण खालचा पूर्णवेळ जागेवर असतो. नागपुरात बेझनजी नसते तर जमशेटजींचं धोरण मुंबईतच राहिलं असतं.

कायद्यानंही इथे एक रेघ ओढली आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला आणि १० कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या पब्लिक कंपनीला पूर्णवेळ वित्तप्रमुख नेमावाच लागतो, आणि त्याला उपकंपनी सोडून दुसऱ्या कंपनीत असं पद घेता येत नाही. कंपनी कायदा २०१३, कलम २०३. म्हणजे ही सोय आपल्यासारख्या लहानांना उघडी आहे, अशा मोठ्यांना बंद. असं क्वचितच होतं.

पहिला अर्धवेळ वरिष्ठ कोणता घ्यावा? बहुतेकांचा जीव मार्केटिंगकडे ओढतो. माझं मत वेगळं आहे: आधी पैशाचा माणूस. ऑनलाइन धंद्यात विक्रीचा आकडा फार फसवा असतो. ऑर्डर पडली म्हणजे विक्री झाली असं नाही. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत फिरलं, की जाण्याचं भाडं गेलं, परतीचं लागलं आणि मालही मळून आला. पोर्टलच्या सेटलमेंट शीटमध्ये कमिशन, वाहतूक, परतीचा आकार, ०.५ टक्के टीसीएस, ०.१ टक्का टीडीएस अशा कात्र्या एकामागून एक चालतात. शेवटच्या रकान्यातली रक्कम बघून खूश व्हायचं की रडायचं, हे कळायलाही सराव लागतो.

पांढरकवड्याला तर भूगोलाचाही एक पेच आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गानं दक्षिणेला निघालं, पैनगंगा ओलांडली, की तेलंगण. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवायही पोर्टलवर माल विकता येतो, पण फक्त स्वतःच्या राज्यात. म्हणजे गडचिरोलीला गोधडी पाठवली तर चालते, आणि तिच्याहून कितीतरी जवळच्या आदिलाबादला पाठवायची तर आधी नोंदणी. हे पहिल्या ऑर्डरीआधी सांगणारा माणूस त्या दिवशी आपली वर्षाची फी वसूल करून देतो.

कुणी असा माणूस शोधत असेल, तर त्याला माझं सांगणं इतकंच. आधी मागच्या तीन महिन्यांच्या सेटलमेंट शीट, परत आलेल्या पार्सलांची यादी आणि कुरिअरची बिलं एका ठिकाणी लावा. रोज दुकानावर कोण उभं राहणार, त्याचं नाव ठरवा. मेहनताना विक्रीवर नको. ठरावीक ठेवा, आणि वर द्यायचंच तर उरलेल्या नफ्यावर द्या. तो तुमच्यासारखाच माल विकणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे काम करत नाही, हे लिहून घ्या. आणि पहिल्या भेटीत त्यानं परतीच्या पार्सलांची यादी मागितली नाही, तर चहा पाजून वाटेला लावा.