दादूंचे साप्ताहिक भविष्य

दिवाळी अंक आला की आमच्या घरात त्याची वाटणी ठरलेली असते. कथा सौभाग्यवतींच्या, शब्दकोडे चिरंजीवांचे, व्यंगचित्रे सर्वांची, आणि वार्षिक राशिभविष्य कुणाचेच नाही. कारण 'असल्या गोष्टींवर विश्वास कोण ठेवतो?' असे आम्ही तिघेही एकमुखाने म्हणतो. मात्र चार दिवसांनी अंक चाळला, तर सर्वांत अधिक मळलेली पाने त्या राशिभविष्याचीच निघतात!

आज मला अशाच एका भविष्यकाराची गोष्ट सांगायची आहे. तो ना कुंडली मांडत असे, ना दक्षिणा घेत असे. एका हंगामात त्याने वीस वेळा भविष्य सांगितले आणि त्यांतले एकोणीस वेळा ते साफ खोटे ठरले. तरीही तो मला आजवर भेटलेला सर्वांत भरवशाचा भविष्यकार वाटतो.

आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे एक बंगाली प्राध्यापक आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. मी त्यांना संख्याशास्त्री म्हणतो. त्यांच्या आई गेल्यावर त्यांनी वडिलांना कलकत्त्याहून पुण्याला आणले. इमारतीतली मुले त्यांना 'दादू' म्हणू लागली. बंगालीत आजोबांना दादू म्हणतात. मुलांमागून आम्हीही तेच म्हणू लागलो. ते मला 'मास्टरमोशाय' म्हणत. त्यांची भाषा म्हणजे हिंदी, बंगाली आणि भाजीवाल्याकडून शिकलेली मराठी यांचे कडबोळे. येथे ती मी थोडी शुद्ध करून देत आहे. व्यवसायच तो पडला!

दादूंचा जन्म १९३९ सालचा, बारिसालचा. फाळणीनंतर नऊ वर्षांचे असताना ते कलकत्त्यास आले आणि यादवपूरच्या बाजूला निर्वासितांच्या एका वसाहतीत वाढले. घर गेले, नारळी-सुपारीची बाग गेली, गावाची नदी गेली. नव्या गावात आपले म्हणावे असे एकच होते: ईस्ट बंगाल नावाचा फुटबॉल संघ. हा संघ फाळणीच्या पुष्कळ आधीचा, १ ऑगस्ट १९२० रोजी स्थापन झालेला. मोहन बागानविरुद्धच्या एका सामन्यात पूर्व बंगालच्या एका खेळाडूला वगळले, म्हणून रागावून सुरेशचंद्र चौधुरी यांनी जोडाबागान क्लब सोडला आणि मित्रांसह हा नवा संघ काढला. म्हणजे पाया अपमानाचा. फाळणीनंतर लाखो माणसे तोच अपमान उराशी घेऊन आली, आणि लाल-सोनेरी रंगाचा तो संघच त्यांचे हरवलेले गाव झाला. ईस्ट बंगाल जिंकला की घरी इलिश मासा शिजायचा, मोहन बागान जिंकला की त्यांच्याकडे कोळंबी. मतभेद थेट स्वयंपाकघरापर्यंत!

दादूंनी लहानपणी त्या संघाचे 'पंचपांडव' पाहिले होते. सालेह, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि वेंकटेश हे ते पाच आघाडीचे खेळाडू. त्यांच्या जोरावर संघाने १९४९, १९५० आणि १९५१ अशी ओळीने तीन वर्षे आय.एफ.ए. शील्ड जिंकली. "आणि गंमत पाहा, मास्टरमोशाय," दादू सांगत, "पाचही जण दक्षिणेकडचे. पूर्व बंगालचा त्यांत एकही नाही! पण जो आपल्यासाठी गोल करतो, तो आपल्याच गावचा."

पुढेही वैभव कमी नव्हते. १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर ५-० असा विजय मिळाला, आणि २००३ साली जाकार्तात जाऊन संघाने आसिआन स्पर्धा जिंकली. २००४ साली राष्ट्रीय लीग जिंकली, आणि तेथून ते विजेतेपद जे रुसले ते वर्षानुवर्षे रुसूनच बसले. २०२० साली संघ इंडियन सुपर लीगमध्ये आला. पहिल्या हंगामात अकरा संघांत नववा. आणि दुसरा हंगाम, २०२१-२२ चा, तो तर विचारूच नका.

तेव्हा महामारी चालू होती. सारे सामने गोव्यात, प्रेक्षकांविना खेळले जात. पुण्यात दादूही घराबाहेर पडत नसत. त्यांचे जग म्हणजे एक खिडकी, एक टेलिव्हिजन आणि भिंतीवरचे 'कालनिर्णय'. त्या कालनिर्णयावर एकादशी आणि गॅसच्या नोंदी यांच्या शेजारी, सामन्याच्या तारखेच्या चौकोनात, दादू तांबड्या पेन्सिलीने भविष्य लिहीत: २-१. म्हणजे आपले दोन, त्यांचा एक. जवळजवळ दर आठवड्याला, कधी आठवड्यातून दोनदा, पण भविष्य तेच. समोर मुंबई असो की हैदराबाद, २-१!

संख्याशास्त्र्यांना हे सहन होत नसे. त्यांचेही भविष्य असे, पण ते शास्त्रशुद्ध. सिमेओं-देनी प्वासाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली एक सूत्र मांडले. एखादी क्वचित घडणारी गोष्ट सरासरीने किती वेळा घडते हे ठाऊक असेल, तर ती एकदा, दोनदा किंवा मुळीच न घडण्याची शक्यता त्यावरून काढता येते. १८९८ साली एका विद्वानाने हे सूत्र प्रशियाच्या घोडदळात घोड्यांच्या लाथांनी दगावलेल्या सैनिकांच्या आकड्यांना लावून दाखवले. फुटबॉलच्या गोलांनाही ते बऱ्यापैकी लागू पडते.

"म्हणजे घोड्याची लाथ आणि आमच्या खेळाडूंची लाथ एकाच हिशेबात?" दादूंनी विचारले.

"बाबा, सध्या घोड्याची लाथ अधिक नेमकी बसते," चिरंजीव म्हणाले.

अशी ही दोन भविष्ये जिन्यावरून रोज खाली येत, आणि मी दोन्ही ऐकून घेई. पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्यात मोहन बागानने ३-० असे हरवले. तिसऱ्यात तर ओडिशाने सहा गोल मारले. आपले चार झाले, ही त्यातल्या त्यात अब्रू. पहिल्या अकरा सामन्यांत पाच पराभव, सहा बरोबरी आणि विजय शून्य. डिसेंबर संपता संपता स्पॅनिश प्रशिक्षकही गेले. कालनिर्णयावरच्या तांबड्या २-१ च्या खाली निळ्या शाईतला खरा निकाल दादू स्वतःच्या हाताने लिहीत. खोडाखोड नाही, सबब नाही.

एके संध्याकाळी संख्याशास्त्री माझ्याकडे येऊन बसले. म्हणाले, "सर, मला आता भीती वाटते. प्रत्येक सामन्यानंतर बाबा रात्र रात्र जागतात. रक्तदाब वाढला आहे. तुमचं ते ऐकतात. हे भविष्य लिहिणं थांबवा म्हणावं. निदान बरोबरी तरी लिहा म्हणावं, म्हणजे अपेक्षाभंग कमी होईल."

मी वर गेलो. मुद्दा कसा काढावा ते सुचेना, म्हणून विचारले, "दादू, दर वेळी २-१ च का? २-० का नाही? शून्य गोल खाऊन जिंकलेलं वाईट का?"

दादू हसले. म्हणाले, "मास्टरमोशाय, पहिला गोल आम्ही खाल्लेलाच असतो. तो १९४७ साली खाल्ला. आमचा सामना सुरूच होतो ०-१ पासून. मग एक फेडायचा. वडिलांनी तो फेडला; वसाहतीत चार खांब उभे केले, मला शिकवलं. आणि मग एक वरचा. तो माझ्या मुलानं केला. हे झालं २-१. आता बरोबरी लिहा म्हणता, म्हणजे मुलाचा गोल पुसू?"

मी ज्या कामासाठी गेलो होतो ते न करताच खाली आलो.

१९ जानेवारी २०२२. कॉलेजे पुन्हा बंद होती. समोर एफ.सी. गोवा, नव्याने आलेले प्रशिक्षक मारिओ रिव्हेरा यांचा या हंगामातला पहिलाच सामना. संख्याशास्त्र्यांचे भाकीत पराभवाचे, दादूंचे नेहमीचेच. नवव्या मिनिटाला नाओरेम महेश सिंग या मणिपुरी तरुणाने गोल केला. गोव्याने फेडला. मध्यंतरापूर्वी महेशनेच दुसरा केला. मग उरलेला सगळा वेळ आमच्या छपरावर दादूंची काठी टक टक फिरत होती. शेवटची शिटी झाली आणि वरून एक आरोळी आली. आमची ही घाबरून म्हणाली, "दादूंना काही झालं का हो?" मी म्हटले, "झालं. २-१ झालं!"

आम्ही धावत वर गेलो. एवढ्या रात्री पुण्यात इलिश कुठून आणणार? आमच्या घरून शिरा गेला, आणि त्या बारिसालकराने तो विजयाचा मासा समजून खाल्ला. मात्र चेहऱ्यावर थोडी नाराजी होती. म्हणाले, "आकडा बरोबर, पण क्रम चुकला. पहिला गोल आपला झाला. आधी खायला हवा होता."

त्यानंतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पाच दिवसांनी हैदराबादकडून ०-४. २९ जानेवारीला मोहन बागानशी गाठ. या खेपेस पहिला गोल आपला झाला, आणि बदली म्हणून आलेल्या कियान नासिरी या पोराने एकट्याने तीन फेडले, शेवटचे दोन तर जादा वेळात. त्याचे वडील जमशेद नासिरी एके काळी ईस्ट बंगालचेच लाडके खेळाडू! "घरचाच मुलगा," एवढेच दादू म्हणाले. हंगाम संपला तेव्हा वीस सामन्यांत एक विजय, आठ बरोबरी, अकरा पराभव. गुण अकरा, क्रमांक अकरावा, म्हणजे शेवटचा.

मार्चमध्ये एकदा संख्याशास्त्री कागद घेऊन खाली आले. चेहरा विलक्षण झाला होता. म्हणाले, "सर, मी सगळ्या हंगामाचा हिशेब मांडला. आपण वीस सामन्यांत १८ गोल केले आणि ३६ खाल्ले. म्हणजे सामन्याला सरासरी ०.९ केले, १.८ खाल्ले. प्वासाँच्या सूत्रात हे आकडे घातले, तर इतका दुबळा संघसुद्धा शंभरात अठरा वेळा जिंकायला हवा. आणि नेमका २-१ ने जिंकण्याची शक्यता शंभरात पाच. पाच टक्के, गुणिले वीस सामने."

"म्हणजे किती?" मी मराठीचा माणूस!

"म्हणजे एक. वीस सामन्यांत २-१ साधारण एकदाच यायला हवं होतं. आणि ते एकदाच आलं. मी दर आठवड्याला पराभव सांगत होतो आणि त्यालाच शास्त्र समजत होतो. बाबांचं भविष्य शास्त्राला धरून होतं. फक्त ते वीस सामन्यांचं एकच भविष्य होतं, हे मला कळलं नाही."

हा हिशेब त्यांनी वर जाऊन वडिलांना सांगितला की नाही, मी विचारले नाही. पण त्यानंतर 'पुसा' असे ते कधी म्हणाले नाहीत.

पुढच्या हंगामात संघ पुन्हा नववा आला. २०२३ च्या जूनमध्ये दादू गेले. दोनच महिन्यांनी, १२ ऑगस्टला, ईस्ट बंगालने ड्युरँड स्पर्धेत मोहन बागानला १-० असे हरवले. ओळीने आठ पराभवांनंतर, साडेचार वर्षांनी मिळालेला तो विजय होता. तो पाहायला दादू नव्हते.

२८ जानेवारी २०२४ रोजी भुवनेश्वरला सुपर कपचा अंतिम सामना होता, ओडिशाशी, ओडिशाच्याच अंगणात. मी वर गेलो. भिंतीवर नवे कालनिर्णय. अठ्ठावीस तारखेच्या चौकोनात तांबड्या पेन्सिलीने लिहिले होते: २-१. अक्षर संख्याशास्त्र्यांचे. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत.

पहिला गोल ओडिशाने केला. मध्यंतरानंतर नंदकुमारने तो फेडला. मग क्रेस्पोने पेनल्टीवर दुसरा मारला. २-१, आणि तोही दादूंच्या क्रमाने! आधी खाल्ला, मग फेडला, मग एक वरचा. संख्याशास्त्री खुर्चीत पुतळ्यासारखे बसले होते. सामना संपता संपता, जादा वेळात, ओडिशाला पेनल्टी मिळाली आणि २-२ झाले. पुढे अर्ध्या तासाच्या वाढीव खेळात क्लेटन सिल्वाने तिसरा गोल केला, आणि बारा वर्षांनी ईस्ट बंगालच्या हाती राष्ट्रीय पातळीवरचा चषक आला.

"बाबांचं भविष्य चुकलं," डोळे पुसत संख्याशास्त्री म्हणाले.

"एका गोलाने," मी म्हटले. "तो पुढच्या पिढीचा समजा." त्यांची मुलगी तेव्हा बारावीला होती, आणि चषकाकडे पाहत टाळ्या वाजवत होती.

२०२४-२५ च्या हंगामात संघ पहिले सहाच्या सहा सामने हरला आणि शेवटी नववा आला. तरी त्या वर्षीच्या प्रत्येक सामन्याच्या चौकोनात २-१ लिहिलेले मी पाहिले आहे.

आता माझेही एक गुपित सांगतो. गेल्या वर्षी आमच्या विशेष मराठीच्या वर्गात सात मुले होती. प्राचार्यांनी विचारले, "पुढच्या वर्षी किती येतील?" दरवर्षी मी खाली मान घालून 'पाहू' म्हणतो. या वेळी मी 'वीस' असे लेखी दिले. आली नऊ. माझ्या टेबलाच्या काचेखाली कागद आहे. तांबड्या अक्षरात वीस, खाली निळ्या शाईत नऊ. पुढच्या जूनचा आकडाही मी तांबड्या पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. तोही वीसच!