गिटारीची साथ

गिरगांवांतील चाळींत आणि दादरच्या ब्लॉकांत संध्याकाळीं पूर्वीं पेटीचा सूर ऐकूं येई. आतां पुष्कळ घरांतून गिटारीचा येतो. मुलगा तीन-चार कॉर्ड शिकतो आणि भावगीत गाणाऱ्या बहिणीच्या साथीस बसतो. दोन कडवीं होतात न होतात तोंच ती म्हणते, "दादा, जरा थांब, मला माझाच सूर ऐकूं येत नाहीं." हा दोष गिटारीचा नव्हे. वाजविणें आणि साथ करणें या दोन निराळ्या विद्या आहेत.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळीं वाजणारे निवडक स्वर. सा, ग, प ही एक. म, ध आणि वरचा सा ही दुसरी. प, नी, रे ही तिसरी. मोजून पाहावें: या तिहींत सातहि शुद्ध स्वर येऊन गेले. म्हणूनच साध्या चालीचें गाणें एवढ्यावर निभावतें. गाणारा ज्या स्वरावर ठरतो तो स्वर जींत आहे ती कॉर्ड धरावी. सा आणि प हे दोन-दोन कॉर्डांत येतात. तेथें निवाडा कानानें करावा.

आतां हाताचें काम. सी हा षड्ज मानूं. सीची कॉर्ड धरून ए मायनरवर जातांना तर्जनी आणि मध्यमा जागच्या हालत नाहींत. फक्त अनामिका पांचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर येते. असा बदल केरव्याच्या आठ मात्रांत, नेमका समेवर पडेल असा घोटावा. हात पोहोंचत नसेल तर लय उतरवावी; सम चुकवूं नये.

यापुढें भरणा. गाण्याची ओळ पांचव्या मात्रेस संपली, तर तीन मात्रा मोकळ्या राहतात. शिकाऊ वादक तेथें दहा स्वर कोंबतो. जाणता सहावी मात्रा रिकामी सोडतो, म्हणजे गळ्यांतला स्वर विरूं देतो. मग पांचव्या तारेवर सातव्या मात्रेस तिसऱ्या पडद्याचा सा, आठव्या मात्रेस दुसऱ्या पडद्याचा मंद्र नी, आणि समेवर मोकळ्या तारेचा ध. स्वर तीनच, पण ते ऐकणाऱ्यास पुढच्या कॉर्डच्या दारापर्यंत नेऊन सोडतात. भरणा शोभेसाठीं नसतो, वाट दाखविण्यासाठीं असतो.

मुंबईस ही विद्या नवी नाहीं. गोव्यांतील चर्चच्या शाळांत स्वरलिपि शिकलेले वादक येथें आले, धोबीतलाव-कावेलकडील कुडांतून राहिले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवूं लागले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना करणारे सेबॅस्टियन डिसोझा गायकाच्या मागें दुसरी सुरावट अशी विणीत, कीं ती मुख्य चालीवर कुरघोडी न करतां तिला उचलून धरी. अँथनी गोन्साल्व्हिस यांनीं तर १९५८ सालीं सेंट झेवियर्स कॉलेजांत रागसंगीत आणि पाश्चात्य स्वरमेळ एकत्र आणणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला.

तरीहि एक सावधगिरी हवी. गिटारीचे पडदे ठाम बसविलेले असतात. गळ्यांतील स्वर दोन पडद्यांच्या मधूनहि जातो. हाच आक्षेप पेटीवर घेतला गेला आणि १९४० सालीं रेडिओवर तिला मज्जाव झाला. तो पुढें अनेक वर्षें टिकला. आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. दरबारीच्या अंगानें बांधलेल्या चालींत गांधार झुलत असतां साथीदारानें आपला ठाम गांधार दामटला, तर गाणारा कोंडींत सांपडतो. उपाय सोपा आहे: तेवढ्यापुरता गांधार गाळून केवळ सा आणि प छेडावे. गांधाराची जागा गाणाऱ्याकडे राहते.

घरांत कोणी गिटार शिकत असेल तर एक कसोटी सांगतों. गाणें प्रथम वाद्याशिवाय, शब्दांसह पाठ म्हणावें आणि श्वास कोठें घेतला जातो तेथें खूण करावी. मग वाजवितांना तेंच गाणें गुणगुणून पाहावें. बोटांकडे लक्ष जाऊन शब्द तुटत असतील, तर कॉर्ड आणखी घोटाव्या; शब्द न तुटतां हात चालूं लागला कीं खुशाल साथीस बसावें. भरणा आरंभीं कडव्यांतून एकदांच घ्यावा. कोठें आणखी हवा, हें गाणाऱ्यासच विचारावें.