कातळ वाचणारी पदवी

भूगोल म्हणजे नद्या-राजधान्यांची घोकंपट्टी, हा समज शाळेतच पक्का होतो आणि पुढे हा विषय स्पर्धा परीक्षेपुरता उरतो. पर्यावरण टिकवायचे तर मात्र विद्यापीठातल्या भूगोलाला पर्याय नाही. महाराष्ट्राचेच पाहा: राज्याचा 80 टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा. या काळ्या कातळात पाणी साठते ते मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या मुरमात. म्हणूनच एक विहीर भरलेली, तर बांधापलीकडची कोरडी ठाक. इथे खडक, पाऊस, पीक आणि बाजारभाव एकत्रच वाचावे लागतात. हिवरे बाजार या गावाने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला, त्यावर पिके ठरवली, शेतीसाठी बोअरवेल घेणे बंद केले. त्या गावाला खंबीर नेतृत्व लाभले. बाकी हजारो गावांना हा हिशेब मांडणारे जाणकार हवेत.

उपग्रह आणि जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) असताना भूगोलाची पदवी कशाला, असे विचारले जाते. उपग्रह हिरवा ऊस दाखवतो. तो कोणाच्या वाट्याच्या पाण्यावर वाढला, हे दाखवत नाही. त्यासाठी नकाशा घेऊन शिवार फिरावे लागते, विहिरीत टेप सोडून पातळी मोजावी लागते, माणसांशी बोलावे लागते. नोकऱ्या कमी आहेत, हा आक्षेप मात्र खरा. राज्याचा भूजलाचा 2009 चा कायदा राबवायचा असेल, तर सरकारने अशा जाणकारांची पदे तालुक्यातालुक्यात निर्माण केलीच पाहिजेत.