स्नोमोबाइलची छोटीशी स्प्रिंग बदलताना

गुलमर्गला फिरायला गेलात तर बर्फावर धावणारी स्नोमोबाइल हमखास दिसते. पुढे दोन स्की, मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा. अंगठ्याने थ्रॉटल दाबला की गाडी निघते. गिअर बदलायला नको, क्लच दाबायला नको. ही सोय मिळते त्यात एका स्प्रिंगचा मोठा वाटा असतो. ती कमजोर झाली की इंजिन नुसते ओरडते आणि गाडी चढावर रेंगाळते. कॅनडासारख्या देशात वस्तीपासून दूर, गोठवणाऱ्या थंडीत बेल्ट तुटून गाडी बंद पडली, तर जिवावर बेतू शकते.

ही स्प्रिंग करते काय?

तुमच्या दारातल्या गिअरलेस स्कूटरसारखीच इथेही दोन पुल्या आणि त्यांवर एक बेल्ट असतो. इंजिनला जोडलेली पुली म्हणजे प्रायमरी क्लच, दुसरी सेकंडरी. प्रत्येक पुली दोन तबकड्यांची असते. सेकंडरीतली स्प्रिंग या तबकड्या एकमेकींकडे ढकलते, त्यामुळे बेल्ट घट्ट पकडला जातो. वेग वाढला की तबकड्या फाकतात आणि बेल्ट आत सरकतो. चढ लागला की स्प्रिंग त्याला पुन्हा बाहेर आणायला मदत करते, जणू आपण खालचा गिअर टाकला!

कधी बदलायची?

जळक्या रबराचा वास, हात लावता येणार नाही इतका तापलेला क्लच, चढावर कमी पडणारी ताकद ही लक्षणे ओळखा. मात्र झिजलेल्या बेल्टचीही हीच लक्षणे असतात, म्हणून आधी बेल्ट तपासा. आणि जास्त कडक स्प्रिंग म्हणजे जास्त चांगली, असे समजू नका. फार कडक स्प्रिंगने इंजिन उगाच जास्त फिरते आणि वेग उशिरा वाढतो. मॅन्युअलमध्ये दिलेलीच स्प्रिंग घ्या.

बदलायची कशी?

१. इंजिन बंद करा, किल्ली काढा, क्लच थंड होऊ द्या.

२. संरक्षक कव्हर काढून बेल्ट उतरवा. बेल्ट कोणत्या दिशेने बसला होता ते लक्षात ठेवा.

३. सेकंडरी क्लचचा बोल्ट काढून तो बाहेर घ्या. मागचे वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवा.

४. उघडण्यापूर्वी मार्करने खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. पिळाच्या स्प्रिंगची टोके ठरावीक भोकांत अडकवलेली असतात. भोक बदलले की ताण बदलतो.

५. स्प्रिंग दाबलेली असते, हे विसरू नका. क्लच दाबून धरणारे खास अवजार लावूनच सर्कलिप काढा, मग दाब हळूहळू सोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच. नुसत्या हाताने धरून उघडल्यास भाग उसळून बोटे किंवा डोळा जायबंदी होऊ शकतो.

६. आतले रोलर झिजलेत का ते पाहा. तबकड्या कोरड्या आणि स्वच्छ असू द्या. ग्रीस लागले तर बेल्ट घसरेल.

७. नवी स्प्रिंग मॅन्युअलप्रमाणे बसवा, बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, बेल्ट आणि कव्हर लावा.

बेल्टशिवाय किंवा कव्हरशिवाय इंजिन कधीही सुरू करू नका. पहिली फेरी सपाट जागेवर, हळू वेगात आणि मदत जवळ असेल अशा ठिकाणी मारा. चढावर जाण्याआधी बेल्ट तापतोय का ते पाहा.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी स्नोमोबाइल असेल, पण गिअरलेस स्कूटर अनेक घरांत असते. तिच्या मागच्या पुलीतली स्प्रिंगही अशीच दाबलेली असते. व्हिडिओ पाहून ती उघडायचा मोह झाला, तर आधी योग्य अवजार जवळ आहे का ते बघा. नसेल तर ते काम मेकॅनिककडेच सोपवा.